नोटीसवाला अवेलीनो

टर्लॉकमध्ये अवेलीनो बोर्बाला कुणी अवेलीनो म्हणत नसे. सगळे 'नोटीसवाला' म्हणत. आम्हा तेर्सेरा या पोर्तुगीज बेटावरच्या लोकांची ही जुनी खोड. माणसाला टोपणनाव चिकटवल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही, आणि कॅलिफोर्नियात येऊन गोठे काढले, घरं बांधली, पोरं कॉलेजात घातली तरी ती खोड काही सुटली नाही. अवेलीनोचं हे नाव मी पाडलं. फेश्ताच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या जत्रेच्या मंडपात, पन्नासेक माणसांसमोर. तेव्हा मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं. आज कुणी ते नाव उच्चारलं की मी तिथून उठून जाते.

अवेलीनो गिलाव्याचा पोटकंत्राटदार होता. दुकानं, दवाखाने, गोदामं अशा मोठ्या इमारतींना बाहेरून जाळी ठोकायची आणि तीन हातांचा गिलावा करायचा, हे त्याचं काम. सहा माणसं, एक ट्रक, माल वर फेकणारा एक पंप आणि रेल्वे फाटकाजवळ एक लहानसं आवार, एवढा त्याचा संसार. माणूस बुटका, मान आखूड, बोटं सिमेंटनं कायमची फुटलेली. कुठंही गेला की आधी भिंत बघणार. माझ्या आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहून हळूच म्हणतो कसा, "लुसिंडा, त्या कोपऱ्याची धार बघ. सुताला नाहीये." आई शवपेटीत, आणि हा कोपरे बघतोय! मला रडता रडता हसू फुटलं होतं. त्याला मात्र कळेना, मी का हसतेय.

मी दुआर्ते मेनेझिसच्या ऑफिसात सव्वीस वर्षं होते. दुआर्ते मुख्य कंत्राटदार. मालकाशी करार त्याचा, आणि मग जाळी, गिलावा, वीज, नळ ही कामं तो अवेलीनोसारख्या पोटकंत्राटदारांना वाटून द्यायचा. तोही आमच्याच बेटावरचा. अवेलीनोच्या लेकीच्या, ओदेतच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, म्हणून दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणत. आमच्यात हे नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं.

आणि या कंपाद्रेला अवेलीनो प्रत्येक कामाच्या सुरुवातीला नोटीस पाठवायचा!

कायदा असा आहे. इमारतीत ज्याची मेहनत किंवा माल गेला, त्याचे पैसे थकले तर तो त्या इमारतीवरच बोजा चढवू शकतो. मालकाशी त्याचा करार नसला तरी. मालकानं मुख्य कंत्राटदाराला पै न् पै चुकती केलेली असली तरी. एकदा बोजा नोंदवला की इमारत सुखानं विकता येत नाही, बँक हात आखडते, आणि नव्वद दिवसांत दावा लावला तर कोर्ट इमारत विकून पैसे द्यायला लावू शकतं. गवंड्याच्या हातात याच्याएवढं हत्यार दुसरं नाही. पण ते आयतं मिळत नाही. काम सुरू झाल्यापासून वीस दिवसांत मालकाला, मुख्य कंत्राटदाराला आणि बँकेला लेखी कळवावं लागतं की मी इथं काम करतोय, पैसे थकले तर बोजा चढवीन. ते कळवलं नाही तर भिंत तुमच्या हातची असली तरी बोंबलत बसा.

अवेलीनो एकदा बसला होता तसा. चौऱ्याऐंशी साली, मर्सेडच्या एका सिनेमागृहाच्या कामावर. कंत्राटदार पळाला, आणि वकिलानं विचारलं, "नोटीस पाठवली होती का?" हा म्हणाला, "कसली नोटीस?" आठ हजार डॉलर गेले. इदालीनानं, त्याच्या बायकोनं, दोन वर्षं एका डेअरीत रात्रपाळी केली तेव्हा ती उधारी फिटली. त्या दिवसापासून हा बाबा असा काही शहाणा झाला की विचारू नका. पहिली खिळ्यांची पेटी उघडली की त्याच दुपारी पोस्टात. पोचपावतीची हिरवी कार्डं तो सुक्या कॉड माशाच्या लाकडी खोक्यात ठेवायचा. त्या कार्डांना माशाचा वास यायचा.

दुआर्तेला ते फार लागायचं. दर वेळी पाकीट फोडलं की तो ते माझ्या टेबलावर आदळायचा. एकदा अवेलीनो समोरच होता.

"मी तुझ्या लेकीचा धर्मबाप, आणि तू मला रजिस्टर पोस्टानं धमकी देतोस?"

"धमकी कसली, कंपाद्रे? परांचीवर चढताना आपण पट्टा बांधतो. ती काय परांचीला शिवी असते?"

"तुझे पैसे कधी बुडवलेत मी?"

"नाहीत ना. म्हणूनच तर पट्ट्याला अजून ताण पडलेला नाही."

मी हसले, दुआर्ते हसला नाही. मग त्या वर्षीच्या फेश्तात, गोमांसाचा रस्सा पावावर ओतून सगळ्यांची पंगत बसलेली असताना, अवेलीनो वाढायला आला आणि मला राहवलं नाही. मी ओरडून म्हटलं, "बघा बरं, हा वर गेला ना की आधी स्वर्गाच्या दारावरच्या संत पेद्रूला वीस दिवसांची नोटीस पाठवेल, मगच आत पाऊल टाकेल!" मंडप नुसता उसळला. अवेलीनोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. लाजला की त्याचे कानच लाल व्हायचे. दुसऱ्या दिवसापासून तो नोटीसवाला झाला. दुधाच्या टँकरवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे तसंच म्हणू लागले. त्यानं नोटिसा काही थांबवल्या नाहीत. पण देताना थोडा ओशाळून द्यायला लागला, आणि हे मी त्याच्या डोक्यात भरवलं.

दोन हजार आठ साली दुआर्तेनं डॉक्टर विटकॉम नावाच्या दंतवैद्याच्या जागेवर दुकानांची आणि दवाखान्यांची लांबलचक इमारत बांधायला घेतली. गिलावा अवेलीनोचा. एकाहत्तर हजार चारशे डॉलरचं काम. त्यानं रीतसर नोटीस पाठवली, मी रीतसर टोमणा मारला. ऑगस्टच्या शेवटी भिंती पुऱ्या झाल्या. अशी सफाई मी पाहिली नव्हती. उन्हं तिरकी पडली तरी कुठं लाट दिसत नव्हती.

पैसे मात्र मिळेनात. त्या वर्षी आमच्या खोऱ्यात निम्म्या घरांवर बँकेच्या पाट्या लागलेल्या. दुआर्तेचं लॉस बॅनोसला एक दुकानांचं संकुल अर्धवट अडकलं होतं, तिथं तो गळ्यापर्यंत रुतला होता. त्यानं काय केलं ते मी सांगते, कारण ते माझ्याच हातानं झालं. इमारतीला कर्ज देणाऱ्या विटकॉमच्या बँकेकडून गिलाव्याचे पैसे त्यानं ऑगस्टमध्येच उचलले आणि लॉस बॅनोसच्या पोलादवाल्याला दिले. बँकेला जो तक्ता गेला त्यात 'गिलावा: पूर्ण चुकता' असं लिहिलेलं होतं. तो तक्ता मी टाइप केला. मी दुआर्तेकडे पाहिलं, तो खिडकीकडे पाहत होता. मी तक्ता पाकिटात घालून चिकटवला. माझा स्वतःचाही पगार थकायला लागला होता.

ऑक्टोबरात अवेलीनोनं सरळ सांगून टाकलं, "कंपाद्रे, शुक्रवारी सकाळी मी मोडेस्टोला नोंदणी कचेरीत जातोय. बोजा नोंदवतो. राग मानू नकोस." त्यानं मालाचे आणि माणसांच्या मजुरीचे पैसे घर गहाण ठेवून भागवले होते. एक डिसेंबरला त्या गहाणाचा मोठा हप्ता होता. तो चुकला तर घर जाणार. म्हणजे बोजा हा काही त्याचा हट्ट नव्हता, त्याच्या डोक्यावरचं छप्पर होतं.

दुआर्तेचा चेहरा पांढरा पडला. शुक्रवारीच विटकॉमच्या बँकेकडून शेवटचा हप्ता सुटायचा होता, आणि बँकेनं अट घातली होती की सगळ्या पोटकंत्राटदारांची हक्कसोड हवी. हक्कसोड म्हणजे बोजा चढवायचा अधिकार सोडल्याचा कागद. तो दोन जातींचा असतो. एक सशर्त, त्यात चेक वटला तरच हक्क सुटतो. दुसरा विनाअट. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलंच असतं की यावर सही केली की पैसे मिळाले नसले तरी तुमचा हक्क गेला. बँकेला अवेलीनोकडून दुसरा हवा होता. हवाच असणार! आमच्या तक्त्याप्रमाणे त्याचे पैसे मिळून दोन महिने झाले होते.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दुआर्ते माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "लुसिंडा, तू जा त्याच्याकडे. हप्ता सुटला की सगळे सुटतील. तो, तू, मी, सगळे. सोमवारी त्याचा चेक तूच लिही."

मी गेले. काय सांगू, मी गेले.

इदालीना मासे तळत होती. अवेलीनो टेबलाशी बसून बोजाचाच अर्ज भरत होता, इमारतीचा पत्ता, रक्कम, सगळं सावकाश, शाळेतल्या पोरासारखं जीभ दातांत धरून. मी कागद पुढं केला. त्यानं चष्मा लावला, वरच्या मोठ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"हा नव्हे गं. हा विनाअट आहे. मी तुला सशर्त देतो, भरून ठेवलाय. चेक वटला की बोजाचं नाव काढणार नाही."

"बँकेला तो चालत नाही."

"का? नेहमी चालतो की."

"मला काय माहीत? बँकेचे नखरे."

मला माहीत होतं. माझ्याशिवाय आणि दुआर्तेशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"उद्या एक दिवस थांबू दे मग त्यांना," तो म्हणाला. "मी सकाळी जाऊन येतो. बोजा नोंदवतो, पैसे मिळाले की काढून टाकतो. एका सहीचं काम आहे."

तेव्हा मी माझं हत्यार काढलं. जीभ. मी खुर्ची मागं सरकवली आणि मोठ्यानं म्हटलं, "वा रे वा! सव्वीस वर्षं झाली, तुझ्या ओदेतला मी मांडीवर खेळवलंय, आज मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून सांगतेय की सोमवारी तुझा चेक मी स्वतः लिहिणार, आणि तू मला कलमं दाखवतोस? मलापण पाठव की मग नोटीस! हिरव्या कार्डासकट!"

इदालीना चुलीपाशी खळखळून हसली. "अरे दे ना बाबा सही करून. दुसरं कुणी आहे का? लुसिंडा आहे."

त्याचे कान लाल झाले. तो एकदा बायकोकडे बघून हसला, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "बरं बाई. तू म्हणतेस ना." आणि मी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. इदालीनानं मला दोन तळलेले मासे कागदात बांधून दिले. मी ते घरी नेऊन खाल्लेसुद्धा.

शुक्रवारी हप्ता सुटला. सोमवारी सकाळी दुआर्तेनं मला चेक लिहायला बसवलं. पहिला लॉस बॅनोसच्या पोलादवाल्याला, कारण तिथं त्यानं स्वतःचं घर तारण दिलं होतं. मग त्याच्या स्वतःच्या बँकेची थकबाकी. मग ऑफिसातल्या तिघांचे थकलेले पगार, माझे सात आठवड्यांचे धरून. शेवटी अवेलीनोचा. तो लिहिताना खात्यात किती उरलेत हे मला दिसत होतं. चार हजार आणि काही चिल्लर. मी एकाहत्तर हजार चारशेचा आकडा अक्षरी लिहिला, खाली रेघ मारली आणि तो चेक दुआर्तेकडे सहीला दिला.

चेक न वटता परत आला. दुआर्ते म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मग म्हणाला, महिनाअखेरीस. नोव्हेंबरात त्यानं दिवाळखोरी जाहीर केली आणि फ्रेस्नोला मुलाकडे राहायला गेला. अवेलीनो मोडेस्टोच्या वकिलाकडे गेला. माशाच्या वासाचं ते खोकं घेऊन गेला होता. वकिलानं नोटीस पाहिली, हिरवं कार्ड पाहिलं, तारखा पाहिल्या. म्हणाला, इतकं चोख काम मी फार कमी लोकांचं पाहिलंय. मग डॉक्टर विटकॉमच्या बाजूनं एकच कागद आला, आणि वकिलानं खोक्याचं झाकण लावलं. "सही तुमची आहे का?"

"माझी आहे."

"मग इमारतीवर तुमचा काही हक्क उरला नाही. दुआर्तेवर दावा लावा हवा तर. पण दिवाळखोरापुढं तुम्ही रांगेत कितवे असाल, मोजत बसावं लागेल."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळे पैसे दिले होते, वर त्या कागदावर विश्वास ठेवला होता. जाळीवाल्या दुकानदारानं आणि वाळूवाल्यानं अवेलीनोला म्हटलं, आमच्याही नोटिसा गेल्या होत्या, तू दिलेले पैसे परत घे, आम्ही ते डॉक्टरच्या इमारतीवर बोजा चढवून वसूल करू. हा म्हणाला, तुमचे पैसे तर मी केव्हाच दिलेत, आता कशाला बिचाऱ्याला त्रास? या माणसाला काय म्हणावं!

घर मार्चमध्ये गेलं. आधी पंप विकला, मग ट्रक, मग आवार. सहाही माणसं पांगली. अवेलीनो आणि इदालीना सेरेसला ओदेतच्या गॅरेजमागच्या खोलीत राहायला गेली. बासष्टाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर गिलावा करायला लागला, ज्यांना त्यानंच थापी धरायला शिकवली त्यांच्या हाताखाली. इदालीना मला चर्चमध्ये दिसली की बाक बदलायची. तो मात्र मान हलवून हसायचा, आणि मला ते हसणं सहन व्हायचं नाही. लोक म्हणायचे, बघा, जन्मभर सगळ्यांना नोटिसा पाठवल्या आणि शेवटी फसला तो फसलाच. मी ऐकायचे. एकदाही म्हटलं नाही की मी फसवलं.

पाच वर्षं लागली मला. दुआर्ते तोवर वारला होता. त्या वसंतात आमच्या चर्चच्या सभागृहाची बाहेरची भिंत दुरुस्तीला काढली होती, अवेलीनो तिथं कामाला होता. मी बँकेतून चार हजार नऊशे डॉलर काढले, पाकिटात घातले आणि दुपारी तिथं गेले. तो परांचीच्या पहिल्याच फळीवर उभा होता. मी खालूनच बोलायला सुरुवात केली. तक्ता, पोलादवाला, बँकेला तो कागद का हवा होता, चेक लिहिताना खात्यात किती होते, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. त्यानं थापी थांबवली नाही. माल भिंतीवर घेतलेला होता, तो सुकायच्या आत सारखा करायला हवा होता.

मग तो खाली उतरला, हात पुसले. मी पाकीट पुढं केलं.

"हे काय?"

"माझा सात आठवड्यांचा पगार. त्याच हप्त्यातून मिळाला होता मला. तुझ्या पैशांतून."

"ते सात आठवडे काम केलं होतंस ना?"

"केलं होतं."

"मग तुझेच आहेत." त्यानं पाकिटाला बोट लावलं नाही. "केलेल्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. त्यात काय."

"अवेलीनो, मला शिव्या तरी दे. माझ्या थोबाडीत मार. मी त्या दिवशी तुला तसं बोलले नसते तर तू सही केली नसतीस."

"नसतीच केली," तो म्हणाला. रागानं नाही. कोपऱ्याची धार चुकलीय हे सांगावं तितक्या साधेपणानं. "अगं, दुआर्तेवर माझा विश्वास कधीच नव्हता. तो स्वतः कागद घेऊन आला असता तर मी दारातूनच परत लावला असता. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. तुझ्या ऑफिसात तिघं होते ना? बाकीच्या दोघांपैकी कुणालाही त्यानं पाठवलं नाही. तुलाच पाठवलं."

इतकी वर्षं मी समजत होते की पाच वाजले होते आणि बाकीचे घरी गेले होते, म्हणून मला जावं लागलं.

अवेलीनोनं घमेलं उचललं आणि परत फळीवर चढला. मी पाकीट हातात धरून खाली उभी राहिले. त्याचा माल संपेपर्यंत मी तिथंच थांबले, आणि त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.